एक ओळ राहिली

दिवाळीच्या आधीचे हे आठ-दहा दिवस मला सोसवत नाहीत. लोक म्हणतात, काय सुरेख हवा पडलीय. सकाळी धुकं, दुपारी चटका, संध्याकाळी अंगावर घ्यावंसं वाटेल असा गारवा. असेल. भिसेगावातल्या माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून मात्र मला फक्त एक वास येतो. नुकत्याच कापलेल्या भाताचा, ओलसर पेंढ्याचा, थोडा गोडूस आणि थोडा कुबट. आमच्या भोवती आता इमारतीच इमारती झाल्यात, शेत शोधायला बरंच लांब जावं लागतं, तरी हा वास बरोबर पत्ता काढत येतो. मी खिडकी लावते, पंखा सुरू करते. पुण्याहून मुलीचा फोन येतो, "आई, फराळाचं कुठवर आलं?" मी म्हणते, "चाललंय." खरं तर भाजणीसुद्धा भाजलेली नसते.

एरवी मी हळवी बाई नाही. पस्तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं, तीन पिढ्यांचे कान पिळले. रडूबाई मुलींना मी पहिल्या बाकावर बसवायची, म्हणजे लाजून तरी गप्प बसतील. अशी मी, या दिवसांत पोशीरला मावसबहिणीकडे जायचं टाळते, कारण त्या वाटेवर दोन्ही बाजूंना पिवळी शेतं आहेत. मागच्या वर्षी ती म्हणाली, "अगं ये की, आता कापणीला यंत्र येतं, तासाभरात शेत मोकळं. बायका नाहीत, विळे नाहीत, काही नाही." तिला वाटलं मी धुळीला घाबरते. यंत्र मला चालतं, पण ते सगळ्याच शेतांत पोचत नाही. मला नको असतात त्या कापणाऱ्या बायकांच्या रांगा, वाकलेल्या पाठी आणि विळ्यांचा खसक्‌ खसक्‌ आवाज. रांगेतली एखादी कंबर सरळ करायला उभी राहिली की मला वाटतं ती सुनंदा आहे आणि आता ती वळून माझ्याकडे बघणार.

कर्जतहून खालापूरच्या अंगाला निघालं आणि मोठा रस्ता सोडून आत गेलं की एक ओढा लागतो. त्याच्या दोन काठांना दोन गावं आहेत. नावं सांगत नाही. कुणी त्यांना त्या प्रकरणावरून ओळखू नये असं मला वाटतं. आमच्याकडून जाताना आधी लागतं ते अलीकडचं आणि ओढ्यापल्याडचं ते पलीकडचं, एवढं पुरे. मध्ये एक साकव आहे, दोन माणसं अंग चोरून शेजारून जातील एवढाच रुंद पूल. शाळा अलीकडे, देऊळ पलीकडे. पलीकडची जमीन उंचावरची, तिथं हळवं भात, लवकर पिकणारं. अलीकडची सखल आणि पाणी धरणारी, तिथं गरवं, उशिरा येणारं. यामुळे फार छान सोय झालेली होती. दोन्ही गावं मिळून आधी पलीकडचं भात कापायची. मग तीच माणसं, तेच विळे साकवावरून इकडे यायचे. आज तुमच्यात, उद्या आमच्यात. याला सावड म्हणतात. मजुरी नाही, काही नाही, ज्याचं शेत त्याच्या घरची दुपारची भाकरी. शेजारीशेजारी कापताना आया एकमेकींच्या मुली हेरायच्या आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्नं लागायची. पलीकडची सुनंदा अलीकडच्या घरात आली ती अशीच.

सुनंदा माझी विद्यार्थिनी. मी त्या शाळेवर चार वर्षं होते, तेव्हा ती साकव ओलांडून यायची. पावसाळ्यात तिची आई तिला पाठंगुळी घेऊन ओढ्यापर्यंत सोडायची आणि मूल साकवावरून पार होईतो काठावर उभी राहायची. निबंधात "माझी आई" असा विषय दिला तर सुनंदा पाचच ओळी लिहायची. मी रागावले तर म्हणाली, "बाई, मला ठावं हाय ती कशी हाय. लिवायचं कशाला?"

भांडण झालं ते गौरी-गणपतीच्या विसर्जनाला. ओढ्यात देवळाखाली एक कोंड आहे, म्हणजे पाण्याचा खोल डोह. दोन्ही गावांचे गणपती तिथंच जातात. आधी कुणाचे, हे ठरलेलं, एक वर्ष यांचे, एक वर्ष त्यांचे. आदल्या वर्षी पाळी पलीकडची होती, पण ओढ्याला लोंढा आला होता म्हणून त्यांनी विहिरीतच विसर्जन केलं. त्या वर्षी ते म्हणाले, आमची पाळी राहून गेलीय, ती यंदा. अलीकडचे म्हणाले, गेली ती गेली, यंदा आमची. झालं. देवाच्या दारात आणि पाण्याच्या कडेला, डोक्यावर मूर्ती घेतलेली माणसं पाळीवरून अडून बसली. मग कुणीतरी कुणाला ढकललं. ओढ्यात दगडांना काय तोटा. सुनंदाचा धाकटा दीर गणपत मूर्ती सांभाळत उभा होता, त्याला दगड लागला आणि त्याचा डावा डोळा गेला. दगड कुणाचा ते आजवर कुणाला माहीत नाही. पण पलीकडच्या रांगेत सुनंदाचा भाऊ होता, आणि बोलणाऱ्यांना तेवढं पुरतं.

पोलीस आले, त्यांचं काम त्यांच्या रीतीनं सुरू झालं. दोन्हीकडची जवान माणसं नातेवाइकांकडे पांगली. दोन्ही गावांतून वेशीवर उरलेल्यांचे रात्रंदिवस पहारे बसले. आणि नेमकं तेव्हा पलीकडचं हळवं भात पिकलं. कापायला माणूस नाही. सावडीला कोण जाणार, आणि बोलावणार तरी कोण? लोंब्या वाळून दाणे चिखलात गळायला लागले. वर परतीच्या पावसाचे ढग रोज दुपारी येऊन घिरट्या घालत होते.

अशा वेळी आम्ही गेलो. आम्ही म्हणजे तिघं. दहिवलीचे डॉक्टर, ज्यांच्याकडे दोन्ही गावांची नाडी होती. कापडदुकानवाले भाऊ, ज्यांच्याकडे दोन्ही गावांच्या लग्नांचे बस्ते होत. आणि मी, जिनं दोन्हीकडच्या निम्म्या लोकांना छड्या मारल्या होत्या. आम्हाला कुणी नेमलं नव्हतं. आमचा ना पक्ष, ना हुद्दा, ना त्या शिवारात वीतभर जमीन. आणि तेच आमचं भांडवल. पोलिसांसमोर लोक वकिलानं पढवलेलं बोलतात, पुढाऱ्यासमोर त्याला आवडेल ते. आमच्यासमोर ते भांडले, रडले, एकानं तर डॉक्टरांच्या टेबलावर मूठ आपटून काच फोडली. भांडणाऱ्यांना मध्ये असं एखादं माणूस हवं असतं, ज्याच्यावर चिडलं तरी चालतं. हे मला तेव्हा फार उमगलं होतं. आता वाटतं, अर्धंच उमगलं होतं.

बैठका डॉक्टरांच्या दवाखान्यात व्हायच्या, सुट्टीच्या वारी. पेशंटच्या दोन बाकांवर दोन गावं. इकडे अलीकडचे दामूतात्या आणि त्यांची चार माणसं, तिकडे पलीकडचे पांडूबाबा आणि त्यांची चार. भिंतीवर दातांचं चित्र, कोपऱ्यात वजनाचा काटा. समोरच्या हॉटेलातून चहा यायचा आणि पहिल्या दिवशी दोन्ही बाकांनी तो तसाच निववला. दुसऱ्या बैठकीत पांडूबाबांनी कप उचलला आणि भाऊंनी मला टेबलाखालून पायानं खुणावलं. आम्हाला किती आनंद व्हायचा म्हणून सांगू! शाळेत पहिल्यांदा वाचायला शिकलेलं पोर दिसावं तसं आम्ही त्या कपाकडे बघत होतो.

तोडगा डॉक्टरांचा. ते म्हणाले, जखम भरायची असेल तर आधी ती घासली जाऊ नये. काही काळ दोघांनी आपापल्या काठावर राहावं. ओढा ही हद्द. कुणी साकव ओलांडू नये. आपलं भात आपण कापावं, हवं तर पाहुणेरावळे बोलवावेत. विसर्जन आपापल्या काठाला, कोंड कुणाचाच नाही. ओलांडील त्याला त्याचंच गाव दोषी धरेल. ऐकायला किती सरळ! दोन्ही बाकांनी मान डोलावली. आठ कलमं झाली. दोन प्रती करायच्या, एक या गावाला, एक त्या. लिहायचं काम अर्थात माझ्याकडे, कारण माझं अक्षर. तालुक्यात मानपत्र लिहायचं असलं की लोक म्हणतात, बाईंकडे द्या.

सह्यांच्या आदल्या दिवशी सुनंदा माझ्या घरी आली. दुपारची वेळ होती, मी अंगणात कुरडयांचा डबा उन्हाला लावत होते. तेव्हा आमचं बैठं घर होतं. ती टमटममधून उतरून धावत आल्यासारखी दमलेली. पाणी दिलं तर तिनं तांब्या तसाच खाली ठेवला.

"बाई, तुमीच लिवताय ना कागद?"

"हो गं. का?"

"मंग त्यात येक वळ लिवा. दोनी गावच्या बायकांनी म्हायेराला जायचं यायचं. तेवढं मोकळं ऱ्हाऊ दे."

मी हसले. आज त्या हसण्याचा मला जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. मी म्हणाले, "अगं वेडे, बायकांना कोण अडवतंय? हे पुरुषांचं भांडण."

"तसं नाय बाई. आमच्याकडं कागदात नाय ते नाय. आय म्हातारी झालीय. तिला ऐकू येत नाय नीट. मी नाय गेली तर तिला वाटंल, पोरगी रुसली."

"बरं, बघते मी," असं म्हणाले. ती गेली तेव्हा अंगणाच्या दारातून मागं वळून पुन्हा म्हणाली, "येकच वळ, बाई."

मी बघितलं. अगदीच नाही बघितलं असं नाही. दुसऱ्या दिवशी सह्यांच्या आधी मी विषय काढला. म्हणाले, "माहेरवाशिणींचं जाणं-येणं मोकळं राहील असं एक कलम घालू या." मग दामूतात्या म्हणाले, "बायकांचं काय लिवायचं त्यात बाई, ते समजूनच हाय." पांडूबाबांनीही लगेच मान हलवली, "समजूनच हाय." दोन्ही गावांचं आपणहून एकमत झालेली ती पहिली गोष्ट. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे पुरे आता. बाहेर ढग गडगडत होते, पलीकडचं भात गळत होतं, शाई वाळली होती. त्या खोलीत मी एकटी बाई होते. आणि मी म्हणाले, "बरोबर आहे, समजूनच आहे."

सह्या झाल्या. पळालेली माणसं पाऊस यायच्या आत परतली, पाहुणे आले, पलीकडचं भात निघालं, मग अलीकडचं. धुळीनं भरलेल्या खळ्यांवर झोडणीचे आवाज सुरू झाले आणि आम्हा तिघांना दोन्ही गावांतून नव्या तांदळाची एकेक पिशवी आली. त्या भाताचा वास किती गोड होता! मी तांदूळ निवडताना रडले होते, आणि मी रडूबाई नाही हे वर सांगितलंच आहे.

त्यानंतर आमचं नाव झालं. आमच्या त्या तडजोडीला लोक "कर्जतची पद्धत" म्हणायला लागले. कुठे गावकीचा वाद झाला की आम्हाला बोलावणं यायचं. मी शाल-श्रीफळ घेत व्यासपीठावर उभी राहून सांगायची की सामान्य नागरिक मध्ये पडला तर शांतता कशी येते. टाळ्या पडायच्या. मी सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या दिवसानंतर त्या ओढ्यावर एकही दगड भिरकावला गेला नाही. मीच तिथं पुन्हा गेले नव्हते. तह करून देणारा संध्याकाळच्या टमटमनं घरी येतो, तहात राहायचं असतं ते तिथल्यांना. भांडण मिटलं की तिथं जाणं मला आगाऊपणाचं वाटायचं. कशाला उगाच खपली काढा, असं मी म्हणायची.

एकदा डॉक्टरांकडे खोकल्याचं औषध घ्यायला गेले होते. ते गमतीनं म्हणाले, "बाई, तुमची ती सुनंदा आणि तिची आई, दोघी नेमक्या एकाच दिवशी आजारी पडतात बघा. इथं बाकावर बसतात तासभर. नंबर आला तरी उठत नाहीत." आम्ही दोघं हसलो. मी म्हणाले, "मायलेकींचं एकाच वेळी दुखतं म्हणतात ना." औषध घेऊन घरी आले, वरणाला फोडणी दिली, जेवले. इतकं समोर ठेवलेलं मला दिसू नये! डोळा काय एकट्या गणपतचाच गेला होता?

मला कळलं ते तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत. बाजारात सुनंदा वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. मी वाकून शेंगा चाचपल्या, म्हणाले, "काय गं, आई कशी आहे?" तिनं माझ्या पिशवीत शेंगा ओतल्या आणि म्हणाली, "गेली की. दोन कापण्या झाल्या."

मग तिथंच, गिऱ्हाइकं सांभाळत, मधूनमधून वजन करत, तिनं मला सगळं सांगितलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच मला ते ऐकवत नव्हतं. तहानंतरच्या पहिल्याच भाऊबीजेला ती ताट घेऊन साकवापाशी गेली. अलीकडचीच दोन माणसं तिथं बसली होती. त्यांतला एक म्हणाला, "वयनी, कागद हाय." कागद दोन्ही गावांनी काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावला होता. तिनं जाऊन वाचला. आठही कलमं वाचली. तिची ओळ नव्हती. "बाईंचं अक्षर लई चांगलं," ती म्हणाली, "लांबून वाचता येतं."

मग त्या मायलेकींनी वेळ ठरवून घेतली. ही इकडच्या काठाला धुणं घेऊन जायची, आई तिकडच्या. आईला ऐकू यायचं नाही, म्हणून ही हातवारे करायची. पोर पास झालं, गाय व्याली, पाय दुखतो. पावसाळ्यात ओढा गर्जत असे, तेव्हा नुसतं एकमेकींना बघून जायच्या. महिन्याकाठी दवाखान्यात भेट, आई पलीकडून मागच्या लांबच्या वाटेनं यायची. मग आईला चालवेना, दवाखाना सुटला. पुढे तिला काठावरही येववेना. आणि एका सकाळी, अलीकडचं भात अर्धं कापून झालेलं असताना, भाऊ पलीकडच्या काठावर येऊन ओरडला, "तायेऽ, आय गेली!"

"मग गेलीस ना?" मी विचारलं.

"निघाली मी. विळा टाकून तशीच निघाली. घरावरनं जाताना दारात भावजी बसलेला. गणपत. त्यानं काय म्हटलं नाय. नुसतं बघितलं माझ्याकडं, त्या येका डोळ्यानं." तिनं तागडी खाली ठेवली. "मंग माझं पाऊलच उचलंना, बाई. परत शेतात गेली. पलीकडं धूर दिसत होता, तोवर कापीत होती."

शेंगांची पिशवी घेऊन मी घरी आले. शेंगा तशाच सुकल्या.

तीन वर्षं मी काहीच केलं नाही. हेही सांगायला हवं. लाज वाटत होती म्हणून करत नव्हते आणि करत नव्हते म्हणून जास्त लाज वाटत होती. टीव्हीवर कुठल्या कुठल्या देशांचे तह दाखवतात, लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, हस्तांदोलन. मी त्या टेबलांभोवती बायका मोजते. सापडली एखादी, तर तिच्या तोंडाकडे बघत बसते. तिला काल दुपारी कुणी भेटायला आलं असेल का? आणि आता ती "समजूनच आहे" म्हणणार आहे का? मुलगी म्हणते, आई, तुला बातम्यांचं वेड लागलंय.

या वर्षी वास आला तेव्हा मी खिडकी लावली नाही. डॉक्टर आता हिंडतफिरत नाहीत, भाऊ मुलाकडे राहायला गेले. एकटीच टमटमनं निघाले. मोठ्या रस्त्यावर उतरून चालत आत गेले. साकवावर गवत माजलेलं, मधल्या फळ्यांवर शेवाळ. शाळेत मुलं अगदी तुरळक. पलीकडची मुलं कधीचीच लांबच्या शाळेत जाऊ लागलीत, हे तिथल्या मास्तरांनी सांगितलं. मी शिकवायची तो वर्ग बंद होता. खिडकीतून आत बघितलं तर बाक एकावर एक रचून ठेवले होते. समोरच्या समाजमंदिरात माझं अक्षर भिंतीवर लटकत होतं. खरंच लांबून वाचता येत होतं.

दामूतात्या फार थकलेत, पण ओळखलं त्यांनी. त्यांनी निरोप धाडला आणि नवल म्हणजे पलीकडून पांडूबाबांच्या जागी त्यांचा मुलगा साकवाच्या तोंडापर्यंत आला. मीच त्याला हाताला धरून इकडे आणलं. समाजमंदिरात सतरंजीवर बसलो. गणपतही येऊन भिंतीला टेकून बसला. चहा आला. मी मनातल्या मनात पाठ करून आणलेलं सगळं बोलणार होते, बायकांच्या दुःखाचं, माझ्या चुकीचं. दोनच वाक्यं झाली असतील. म्हणाले, "माहेरवाशिणींचं जाणं-येणं लिहायचं राहिलं होतं. ते लिहू या का?"

दामूतात्या म्हणाले, "लिवा की."

पांडूबाबांचा मुलगा म्हणाला, "आमी तर समजत होतो यांनाच नको हाय. म्हनून आमी गप."

"आमी समजत होतो तुमाला नको हाय," इकडून कुणी तरी म्हणालं, आणि दोघंचौघं हसलेसुद्धा.

मी गणपतकडे बघितलं. तो नखानं जमीन खरवडत होता. खरवडता खरवडता म्हणाला, "त्या दिवशी वयनी गेली आसती तर मी काय बोललो नसतो. मी आपला बघत होतो, ती का थांबली म्हनून."

चौकट उतरवली, काच काढली. आठव्या कलमाखाली जागा होती. मी ओळ लिहिली. अक्षर वाईट आलं. दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या. पांडूबाबांच्या मुलानं त्यांच्या प्रतीवर तीच ओळ घालायचं कबूल केलं. माझा चहा अर्धाच पिऊन झाला होता, आणि तो अजून गरम होता.

मी जवळजवळ धावतच शेतावर गेले. या वयात बांधावरून धावणं म्हणजे गंमतच. सुनंदा चार बायकांच्या रांगेत कापत होती. मला बघून उभी राहिली, कपाळावरचा घाम दंडाला पुसला. मी धापा टाकत सांगितलं, "सुनंदा, लिहिलं गं. ओळ लिहिली. सह्या झाल्या. आता कुणी अडवणार नाही."

"कोन काय बोल्लं?" तिनं विचारलं.

"कुणीच काही नाही. तात्या म्हणाले, लिहा. पलीकडचेही हो म्हणाले."

"भावजी?"

मी काही लपवलं नाही. तो जे म्हणाला ते सांगितलं. ती ऐकत होती. तिच्या हातात कापलेल्या भाताची मूठ होती, लोंब्या खाली वाकलेल्या. मागच्या बायकांचे विळे थांबले होते.

"किती येळ लागला, बाई?"

खोटं बोलावं असं वाटलं. तासभर लागला म्हणावं, भांडावं लागलं म्हणावं. पण आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून मारत आले होते.

"अर्धा कप चहा," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. वर्गात एखादं गणित फळ्यावर सोडवून दाखवल्यावर मुलं बघतात तशी.

"येवढंच व्हतं व्हय?" ती म्हणाली.

मग तिनं हातातली मूठ खाली ठेवली, वाकली आणि पुढचं भात कापायला लागली.